दिंडीचा संसार

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी लाल मातीचा, कोरडा आणि जवळजवळ निर्मनुष्य असा अफाट प्रदेश आहे. तिकडचे लोक त्याला 'आउटबॅक' म्हणतात. या प्रदेशातून तंबू घेऊन हिंडण्याच्या सहली निघतात. अॅलिस स्प्रिंग्ज या गावाहून उलुरू नावाच्या प्रचंड खडकाकडे जायचे तर सुमारे साडेचारशे किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो, आणि वाटेत गाव म्हणावे असे फारसे काही लागत नाही. म्हणून सगळा संसार बरोबर घ्यायचा. एक दणकट गाडी, तिच्या मागे सामानाचा गाडा, पंधरा-वीस प्रवासी. जो वाटाड्या तोच चालक आणि बहुधा तोच स्वयंपाकी. प्रवाशांनी भाजी चिरायची, भांडी घासायची, आणि रात्री 'स्वॅग' नावाच्या कॅनव्हासच्या वळकटीत शिरून आकाशाखाली झोपायचे. या सगळ्याचे पैसे आगाऊ भरायचे. भांडी घासण्याचेही आपणच पैसे भरतो, हे वाचून आमच्या वर्गात बराच हशा झाला होता.

परंतु वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हसून सोडून द्यावे असा हा विषय नाही. पंधरा-वीस माणसांचा मुक्काम रोज सकाळी मोडून संध्याकाळी दुसरीकडे मांडायचा, यात एक हिशोब असतो. ओझे कोणी वाहायचे, चूल कोणी पेटवायची, पाणी कुठून आणायचे, आणि मागे राहिलेली घाण कोणी उचलायची? पंधराच्या जागी काही लाख माणसे धरली, तर हेच प्रश्न घेऊन दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात आळंदीहून पंढरपूरला एक मुक्काम चालत जातो. त्याला आपण वारी म्हणतो. वारीच्या भक्तीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते लिहिण्याचा माझा अधिकारही नाही. या लेखात फक्त तिचे तंबू, चुली आणि जमाखर्च पाहावयाचे आहेत.

सर्व काही बरोबर न्यायचे ठरवले की काय होते, याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियाच्याच इतिहासात आहे. ऑगस्ट १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांची मोहीम तो खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडण्यासाठी मेलबर्नहून निघाली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून उंट नेले होते आणि ते हाकणारे लोकही इकडचेच होते. सामान सुमारे वीस टन. त्या ओझ्याने मोहीम रखडत गेली, मग सामान टाकत टाकत पुढे जावे लागले. शेवटी बर्क आणि विल्स दोघेही अन्नावाचून मेले. त्यांचा एक साथीदार किंग तेवढा वाचला, तोही तिथल्या यांड्रुवांधा या आदिवासींनी त्याला खाऊ घातले म्हणून. ज्या प्रदेशाला हे लोक ओसाड समजत होते, तिथे कमीत कमी सामान घेऊन पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसे होती.

वारीच्या मुक्कामाची व्यवस्था पाहू लागलो की पहिला धागा आपल्याच कर्नाटकात सापडतो. बेळगाव जिल्ह्यात चिकोडी तालुक्यात कृष्णेच्या काठी अंकली हे गाव आहे. तिथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून दरवर्षी दोन घोडे आळंदीला जातात. मिरज, सांगली, सातारा, पुणे असा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता ते दहा-अकरा दिवसांत पायी कापतात. पालखी हलण्याआधीच त्यांची एक वारी झालेली असते म्हणा ना! दोहोंपैकी एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीच बसत नाही, तो माउलींचा. रिंगणात हे दोन घोडे धावतात तेव्हा त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी माणसे झुंबड करतात, हे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. फारसे माहीत नसते ते हे की, मुक्कामावर माउलींच्या पादुका ज्या तंबूत ठेवतात त्या तंबूचा मानही अंकलीच्या शितोळ्यांकडेच आहे. महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या सोहळ्याचा मुख्य तंबू कर्नाटकातल्या गावाकडून येतो! सीमेवरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींना ही गोष्ट कोणी सांगितली आहे की नाही, कोण जाणे. विठ्ठलाला कानडा म्हणणारे ज्ञानेश्वर आणि प्रत्येक पदाखाली 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा उठवणारे पुरंदरदास यांना तरी ते सांगावे लागले नसते.

अंकलीकडे हा मान कसा आला? तुकारामांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली असे मानतात. आज आळंदीहून जो सोहळा निघतो त्याला शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, आणि ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या चाकरीत राहिलेले. म्हणजे लष्कराचा तळ कसा हलतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. शितोळे सरकारांनी त्यांना घोडे, तंबू आणि इतर इतमाम पुरवला, आणि वासकर, खंडोजीबाबा, शेडगे यांच्यासारख्या मंडळींनी दिंड्या उभ्या केल्या. वारीत कर्णा, चोपदार, जरीपटका, क्रमाने चालणाऱ्या तुकड्या हे सगळे कुठून आले, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. लढाई वजा करून छावणी तेवढी शिल्लक ठेवावी तसा हा प्रकार आहे.

आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान होते. आदल्या दिवशी देहूहून तुकोबांची पालखी निघालेली असते. पुढे पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशी ठाणी घेत, सुमारे अडीचशे किलोमीटर चालून माउलींची पालखी आषाढी एकादशीच्या आधी पंढरपुरात पोचते. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढावा लागतो आणि तो दिवस सर्वांत दमवणारा असतो. रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे शेकडो. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. दिंडीत पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंग आणि वीणेकरी, मागे डोक्यावर तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. दिंडी म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते. परंतु दिंडीचा दुसरा अर्धा भाग रस्त्यावर नसतोच. तो ट्रकमध्ये असतो.

हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. एका दिंडीचा हिशोब ते बरीच वर्षे लिहीत आले आहेत. त्यांनी मला त्यांची वही दाखवली. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला खर्च, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर मुक्कामाच्या गावाचे नाव. जमेच्या बाजूला पहिली रक्कम 'भिशी'. आपल्या गल्लीत बायका दरमहा पैसे टाकून चिठ्ठी काढतात ती भिशी वेगळी. वारीत भिशी म्हणजे दिंडीत जेवणाखाण्यासाठी आणि सामान वाहण्यासाठी प्रत्येक वारकऱ्याने द्यावयाची रक्कम. ती एकदा भरली की वीसएक दिवस पोटाची आणि पथारीची चिंता दिंडीने करायची. चालणे ज्याचे त्याने.

वहीतले आकडे इथे छापणे बरे नव्हे. पण हिशोबाची जात कळावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, दिंडीत २०० माणसे आहेत. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य-डाळ धरली तर दिवसाला ८० किलो, आणि वीस दिवसांना १६०० किलो. हे सगळे पहिल्या दिवशी ट्रकमध्ये भरले तर राहुट्या, काहिली, पातेली, ताडपत्र्या आणि दोनशे वळकट्यांना जागा उरणार नाही. सगळे रोज बाजारातून घ्यावे म्हटले तर ज्या लहान गावात एका रात्रीत लाखो माणसे उतरतात तिथे भाव काय होईल, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. तेव्हा मधला मार्ग काढतात. तांदूळ, डाळ, पीठ, तेल, तिखट गावाहून आणायचे. त्यातले बरेच घराघरांतून शिधा म्हणून आलेले असते. भाजी, दूध, इंधन मात्र वाटेतल्या मोठ्या गावी. पाण्याचे गणित वेगळेच. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले तरी रोज एक हजार लिटर, आणि ते साठवून नेणे शक्य नाही. म्हणून मुक्कामावर पोचल्यावर पहिला माणूस धावतो तो पाण्याच्या टँकरकडे.

"भिशी ठरवताना तुम्ही काय धरता?" असे मी विचारले. ते म्हणाले, "बाळ, पंगती किती मिळतील ते धरायचं नाही." वाटेतल्या गावांतले व्यापारी, मंडळे, शेतकरी दिंड्यांना जेवण घालतात. कधी एका दिवसात तीन ठिकाणची आमंत्रणे येतात, कधी तीन दिवसांत एकही येत नाही. पंगत गृहीत धरून भिशी कमी ठेवली आणि पंगत मिळाली नाही तर दिंडी उपाशी. म्हणून भिशी पुऱ्या खर्चाची धरायची आणि पंगतींमुळे जे वाचेल ते पुढच्या वर्षीच्या राहुट्यांना लावायचे. अनिश्चित उत्पन्न जमेत धरू नये, हा नियम आम्हाला लेखाकर्माच्या पुस्तकात एका इंग्रजी नावाने शिकवला. या गृहस्थांना तो कोणी शिकवलेला नव्हता.

ट्रकचे अर्थशास्त्रही मनोरंजक आहे. दिंडीच्या मालकीचा ट्रक क्वचितच असतो. बहुधा तो भाड्याचा किंवा एखाद्या भाविकाने दिलेला. आता बेळगावपासून सोलापूरपर्यंतचा सगळा पट्टा उसाचा. साखर कारखान्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. म्हणजे आषाढीच्या सुमाराला ऊस वाहणाऱ्या गाड्यांना तसे काम नसते. शेतकऱ्याचेही तेच. मृगाचा पाऊस वेळेवर झाला तर पेरणी आटोपून तो तीन आठवडे मोकळा होऊ शकतो. वारीची तिथी शेतीचे वेळापत्रक पाहून ठरवली असे मी म्हणणार नाही. पण ही तिथी भर सुगीत आली असती तर वारी एवढी वाढली असती का, असा प्रश्न मनात येतोच.

मुक्कामाचा दिवस पहाटे कर्ण्याच्या आवाजाने उजाडतो. पहिल्या कर्ण्याला उठायचे, दुसऱ्याला तयार व्हायचे, तिसऱ्याला निघायचे. या दोन-अडीच तासांत दिंडीची दोन कामे बरोबरीने चालतात. वारकरी आंघोळी उरकतात आणि सामानवाले मेखा उपटतात. राहुटी भिजलेली असेल तर तिचे वजन दुप्पट होते, आणि आषाढात ती बहुधा भिजलेलीच असते. वळकटी ज्याने त्याने बांधून ट्रकजवळ आणून ठेवायची, तिच्यावर खुणेची चिंधी किंवा नाव. पालखी रस्त्यावर आली की तो रस्ता वाहनांना बंद होतो. तेव्हा ट्रक त्याआधी सुटला तर सुटला, नाहीतर आडवाटेने लांबचा वळसा घ्यायचा. ट्रक उशिरा पोचला की जेवण उशिरा, आणि दिवसभर चाललेली दोनशे माणसे पावसात उभी. म्हणून अनुभवी दिंड्यांत चालकाची मर्जी वीणेकऱ्याइतकीच सांभाळतात.

संध्याकाळी मुक्कामाच्या माळावर समाजआरती होते. मला स्वतःला वारीतली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, रिंगणापेक्षाही. सगळ्या दिंड्या पालखीभोवती वर्तुळ करून उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. मग चोपदार आपला दंड वर करतो आणि मोठ्याने हाक देतो. क्षणात सारे शांत. त्या शांततेत दिवसभराचा कारभार चालतो. कोणाची काय वस्तू हरवली, कोणाला काय सापडले ते पुकारतात. उद्या किती वाजता निघायचे ते सांगतात. आणि एखाद्या दिंडीची तक्रार असेल, समजा तिच्या क्रमात दुसरी कोणी घुसली असेल, तर ती दिंडी दंड वर झाला तरी टाळ वाजवत राहते. बाकी सगळा माळ गप्प आणि एका कोपऱ्यात टाळ चालू. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो आणि मालकांपुढे ठेवतो. निकाल लागला की टाळ थांबतात आणि आरती होते. एवढ्या मोठ्या जमावात तक्रार नोंदवण्याची याहून सोपी, बिनखर्ची आणि कोणालाही दडपता न येणारी पद्धत मला तरी दुसरीकडे आढळली नाही. आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची जी सभा होते तिच्यात ती लागू करून पाहावी असे सुचवतो. प्राचार्य महाशयांनी रागावू नये.

भिशी भरलेल्यांची व्यवस्था ही अशी. परंतु वारीत कोणत्याच दिंडीत नसलेली माणसेही फार मोठ्या संख्येने असतात. त्यांना 'मोकळा समाज' म्हणतात. त्यांनी भिशी भरलेली नसते आणि त्यांचे सामान कुठल्या ट्रकमध्ये नसते. अंगावरचे घोंगडे किंवा प्लास्टिकचा कागद आणि खांद्यावर पिशवी. मिळेल तिथे जेवायचे, देवळाच्या ओट्यावर किंवा शाळेच्या व्हरांड्यात झोपायचे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात अशा माणसाला 'फुकट्या' म्हणतील. वर्गणी न देता लाभ घेणारे वाढले की व्यवस्था कोसळते, असे तिथे लिहिलेले असते. वारी मात्र कोसळलेली नाही. कारण रस्त्यावर दुसरा एक हिशोब चाललेला असतो : भाकरी, केळी, चहा, औषध, पायांना तेल. हे देणाऱ्यांना ते घेणारा कोणीतरी हवाच असतो, आणि दिंडीतला पोटभर जेवलेला वारकरी त्यांच्या फारसा उपयोगाचा नाही. मोकळा समाज नसता तर निम्मे अन्नदान पडून राहिले असते.

या दुसऱ्या हिशोबावरच संपूर्ण उभी असलेली यात्रा पाहायची तर आपल्याला पंढरपूरला जाण्याची गरज नाही. उगादीच्या आधी उत्तर कर्नाटकातून हजारो लोक श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाला पायी जातात. बेळगाव, बागलकोट, विजापूर, रायचूर, आणि सोलापूरकडचेही. फाल्गुनातले ऊन, कोरडवाहू मुलूख, आणि शेवटी आंध्रातल्या आत्मकूरच्या पुढे नल्लमलाचे जंगल. आपल्याकडचा 'आउटबॅक' म्हणायचा तर हाच. परंतु इथे दिंडीसारखा तंबूंचा बाडबिस्तारा नसतो. लोक पहाटे आणि संध्याकाळी चालतात, दुपारी झाडाखाली पडतात. वाटेत गावोगावी मांडव घातलेले असतात. तिथे अंबली, ताक, भाकरी, भात. याला कन्नडमध्ये 'दासोह' म्हणतात. बसवण्णांच्या काळापासून चालत आलेला हा शब्द आमच्या कन्नड विभागातील मित्र अधिक अधिकाराने समजावून सांगतील. वाणिज्याच्या भाषेत बोलायचे तर वारीची दिंडी आपली छावणी बरोबर वाहते, आणि श्रीशैलच्या वाटेवर छावणी जागच्या जागी असते, माणसे तेवढी पुढे सरकतात. पहिल्या पद्धतीत खर्च चालणाऱ्याच्या अंगावर पडतो, दुसरीत वाटेवरच्या गावाच्या. दुसरी पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत खरी, पण तिला वाटेवरच्या प्रत्येक गावाची राजीखुशी लागते. जंगलात गावच नाही. तिथे मांडव घालायला आणि पाणी पोचवायला पुन्हा ट्रकच न्यावे लागतात.

आता चुलीकडे यावे लागेल. चूल हा या विषयातला अवघड भाग आहे. दिंडीत दोनशे माणसांचा स्वयंपाक करणारी माणसे पालखीबरोबर चालू शकत नाहीत. आचारी आणि भाकऱ्या थापणाऱ्या बायका ट्रकमधून पुढे जातात, ओल्या जमिनीवर चूल किंवा गॅसची शेगडी मांडतात, आणि दिंडी येईपर्यंत राबतात. काही दिंड्यांत हे पगारी लोक असतात, काहींत वारकऱ्यांच्याच घरच्या बायका पाळी लावून करतात. वारी केली असे त्यांनाही म्हणायचे की नाही? मी ज्यांची वही पाहिली त्यांच्या दिंडीत स्वयंपाक करणाऱ्यांना भिशी माफ असते. पण चालणाऱ्याला जे पुण्य मिळते म्हणतात त्याचा वाटा त्यांच्या खाती कोणी मांडतो का, या प्रश्नाला वहीत रकाना नाही.

चुलीचा दुसरा प्रश्न कोणाच्या हातचे कोण खातो हा. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात आपल्या दिंडीचे वर्णन केले आहे. वाटेने सगळे एकत्र गात होते, आणि मुक्कामावर ब्राह्मण व मराठे वेगवेगळे शिजवून वेगवेगळे जेवत होते. याची खंत त्यांनी लपवलेली नाही. पंढरपूरच्या मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले तेही १९४७ च्या मे महिन्यात. तोपर्यंत शतकानुशतके चोखोबांचे अभंग गाणाऱ्या दिंड्या चोखोबांच्या समाधीपाशी त्यांच्या जातीला थांबवून आत जात होत्या. आज बहुतेक दिंड्यांत एकच चूल आणि एकच पंगत असते, आणि तसे असण्यात बदललेल्या कायद्याचा व काळाचा जितका हात आहे तितकाच भिशीचाही असावा असे मला वाटते. पैसे एकत्र झाले की काहिलीही एकच परवडते. दोन चुलींचा खर्च सोवळ्याला झेपेनासा झाला, असे कोणी म्हटले तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. मात्र दिंड्यांची ओळख अजूनही पुष्कळदा गावाने आणि समाजाने ठरते, हे लपवण्यात अर्थ नाही.

सर्वांत अप्रिय काम राहिले. मुक्काम हलल्यावर मागे जे उरते ते. लाखो माणसांनी एक रात्र काढलेल्या गावात दुसऱ्या दिवशी काय असते, हे पूर्वी कोणी लेखात लिहीत नसे. पंढरपुरात तर हा प्रश्न एकाच गावी आणि कितीतरी पटींनी. नदीच्या वाळवंटात राहुट्या पडत, आणि घाण उचलण्याचे काम ठरलेल्या जातीची माणसे हाताने करीत. हाताने मैला उचलायला लावणे कायद्याने १९९३ सालीच गुन्हा ठरले होते. २०१३ साली त्यासाठी नवा, अधिक कडक कायदा झाला. पंढरपूरचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१४ च्या सुमाराला न्यायालयाने वाळवंटातल्या राहुट्यांवर निर्बंध आणले. त्यानंतर '६५ एकर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेत दिंड्यांसाठी पाणी, दिवे, शौचालये यांची सोय होऊ लागली. वाटेवरच्या मुक्कामी २०१५ पासून फिरती शौचालये मोठ्या प्रमाणावर ठेवली जातात. बायकांना याने किती फरक पडला हे ज्या बायका आधीही गेल्या होत्या त्यांनाच विचारावे. अंधार पडेपर्यंत पाणी न पिता चालणे हा त्यांच्या वारीचा न लिहिलेला नियम होता.

ऑस्ट्रेलियातल्या सहलीत आपला कचरा आपण बरोबर परत आणायचा, अशी शिस्त असते. पंधरा माणसांना ते जमते. काही लाखांना जमेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण पत्रावळीच्या जागी आपापली ताटली प्रत्येकाने आणावी एवढे तरी दोनशेच्या दिंडीला जमण्यासारखे आहे, आणि काही दिंड्या ते करतात. उलुरूच्या बाबतीत तर तिथल्या मूळ रहिवाशांनी, अनंगू लोकांनी, वर्षानुवर्षे विनंती केली की आमच्या या पवित्र खडकावर चढू नका. शेवटी ऑक्टोबर २०१९ पासून चढणे कायमचे बंद झाले. ज्यांच्या भूमीवरून आपण जातो त्यांचे म्हणणे विचारण्याची वेळ प्रत्येक यात्रेवर कधीतरी येते. लोणंद, वाल्हे, भंडीशेगाव इथल्या रहिवाशांना मुक्कामानंतरच्या सकाळी काय वाटते, हे विचारणारा एखादा अभ्यास आपल्या समाजशास्त्र विभागाने हाती घेतला तर त्यात भाग घ्यायला मी तयार आहे.

२०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका मोजक्या माणसांबरोबर एस.टी. बसने पंढरपूरला गेल्या. त्या दोन वर्षांची पाने वहीत आहेत. ट्रक नाही, भिशी नाही, खर्चाच्या बाजूला राहुट्यांना उंदीर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या, एवढीच नोंद. मी हसलो तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "हसू नकोस. तंबू घडी करून दोन वर्षं ठेवला की घडीवर फाटतो. पुढच्या वर्षी सगळ्या राहुट्या शिवून घ्याव्या लागल्या."

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि वारी पुरी होते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दिंडीचा हिशोब वाचून दाखवतात, ज्याचे देणे असेल त्याचे देतात, उरलेले तेल-डाळ वाटून टाकतात. लोक एस.टी.ने, रेल्वेने, मिळेल त्या गाडीने घरी जातात. आपल्याकडचे बहुतेक मिरजेवरून. ट्रक राहुट्या घेऊन परत येतो. पालखीला मात्र आळंदीला परत चालत जायचे असते. त्या परतीच्या वाटेवर दिंड्या थोड्या आणि चालणारे अगदी मोजके असतात. जाताना जिथे लाखभर माणसांचा तळ होता तिथे येताना त्यांना एखाद्या देवळाचा मंडप पुरतो.